वाचकांचे प्रश्न : ‘अब्दुल’ हे पूर्ण नाव आहे का?

प्रश्न : आमच्या गावात अब्दुल करीम, अब्दुल रहमान, अब्दुल सत्तार अशी बरीच नावं आहेत. हाक मात्र सगळ्यांना ‘अब्दुल’ अशीच मारतात. ‘अब्दुल’चा अर्थ काय? आणि पुढचा शब्द वडिलांचं नाव असतो की आडनाव?

दोन्ही नाही. दोन शब्द मिळून ते एकच नाव आहे. ‘अब्द’ म्हणजे दास, बंदा. ‘अल’ हे अरबीतलं उपपद असून ते पुढच्या शब्दाला चिकटतं. मधला ‘उ’ हा विभक्तीचा प्रत्यय. अब्दु अल-करीम याचं झालं अब्दुल करीम, म्हणजे त्या उदार परमेश्वराचा दास. आपल्या रामदास, हरिदास या नावांची घडण अशीच आहे, फक्त क्रम उलटा. आपल्याकडे देव आधी येतो, अरबीत दास आधी. म्हणूनच हाक तोडली की अरबी नावातला देवच गळतो आणि ‘अमक्याचा दास’ एवढंच उरतं, तेही ‘अमका’ कोण हे न सांगता.

या नावाच्या उत्तरार्धात सहसा अल्लाहच्या गुणवाचक नावांपैकी एक असतं : करीम (उदार), कादिर (समर्थ), अझीझ (प्रबळ), रज्जाक (अन्न देणारा), सत्तार (दोष झाकणारा). ही घडण इस्लामच्याही आधीची. त्या काळी अरबस्तानात अब्द शम्स (सूर्याचा दास), अब्द अल-उझ्झा (उझ्झा देवीचा दास) अशी नावं होती. इस्लामने साचा ठेवला, उत्तरार्ध बदलला. पैगंबरांच्या वडिलांचं नाव अब्दुल्लाह होतं. अल्लाहला सर्वांत प्रिय नावं अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान, अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे. जगभर ही दोन नावं इतकी आढळतात त्यामागे तिचा मोठा वाटा आहे.

इबादत (उपासना), आबिद, आबिदा, उबैद हे शब्द ‘अब्द’च्याच धातूचे. माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या वडिलांचं नाव जैनुलाब्दीन, म्हणजे मूळचं झैन-उल-आबिदीन, ‘उपासकांचं भूषण’. बाप-लेकाच्या नावांत एकच धातू आहे, पण लिपी बदलता बदलता तो ओळखू येईनासा झाला.

प्रश्न : अब्दुल रहमान, अब्दुर रहमान, अब्देररहमान यांतलं बरोबर कोणतं?

नाव एकच आहे. अरबीच्या 28 अक्षरांपैकी 14 ‘सूर्याक्षरं’ आहेत. त, द, र, ज़, स, श, न ही त्यांतली काही. त्यांच्यापुढे ‘अल’मधला ‘ल’ उच्चारात विरघळतो आणि पुढचं अक्षर दुप्पट होतं. म्हणून अब्दुर्रहमान, अब्दुर्रज्जाक, अब्दुस्सलाम, अब्दुस्सत्तार. उरलेल्या 14 ‘चंद्राक्षरां’पुढे ‘ल’ टिकतो : अब्दुल करीम, अब्दुल हमीद, अब्दुल गफ्फार. अरबी लिखाणात ‘ल’ कायम असतो, त्यामुळे ‘अब्दुल रहमान’ हे अक्षरांना धरून आहे आणि ‘अब्दुर्रहमान’ उच्चाराला.

बाकीचे फरक बोलींचे. इजिप्तमध्ये ‘अब्देल’, अल्जिरिया-मोरोक्कोत ‘अब्देलकादेर’, इराणात ‘अब्दोल’, सोमालियात ‘अब्दी’. सोमाली रोमन लिपीत घशातल्या पहिल्या अक्षरासाठी ‘सी’ वापरतात. ‘अब्दी’ची सुरुवात ‘सी’ने दिसली तर ती छपाईची चूक समजू नका. इजिप्तचे गमाल अब्देल नासेर जगभर ‘नासेर’ म्हणून ओळखले गेले, पण अब्देल नासेर हे सबंध त्यांच्या वडिलांचं नाव होतं.

प्रश्न : मुलाचं नाव अब्दुर्रहमान ठेवतो आहोत. दाखल्यावर कसं लिहावं?

जोडून, एका शब्दात. आपल्याकडच्या अर्जांत आडनाव, नाव, वडिलांचं नाव असे तीन रकाने असतात. सुटं लिहिलं की ‘अब्दुल’ नावाच्या रकान्यात जातं, ‘रहमान’ वडिलांच्या रकान्यात, आणि खऱ्या वडिलांना जागाच उरत नाही. पुढे शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं असं होतं. संगणकाला अब्दुल रहमान, अब्दुर रहमान आणि अब्दुर्रहमान ही तीन वेगळी माणसं वाटतात.

जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते, पण त्या वेळी नाव ठरलेलं असलंच पाहिजे असं नाही. नोंदीनंतर 12 महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं. म्हणून घाई न करता आधी रोमन स्पेलिंग कागदावर ठरवा आणि दाखला हातात येताच अक्षर-अक्षर तपासा. देवनागरीत ‘र्र’मधला रफार हमखास गळतो. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, त्यामुळे पहिली नोंद नीट होणं फार मोलाचं आहे. पासपोर्टच्या अर्जात हे जोडनाव सबंध नावाच्याच रकान्यात भरा आणि आडनावाचा रकाना कोरा सोडू नका. आखातात जायचं झालं तर एकेरी नावाच्या पासपोर्टवर अडवणूक होऊ शकते.

हाकेबद्दलही सांगायला हवं. ‘रहमान’ हे नाव फक्त अल्लाहसाठी आहे, असं अनेक उलेमा (इस्लामी धर्मपंडित) मानतात. त्यामुळे माणसाला नुसतं ‘रहमान’ म्हणणं त्यांना पटत नाही. करीम, अझीझ यांना तशी हरकत नसते. आमच्या मते पूर्ण नावाने हाक मारावी. ते फार लांब नाही.

प्रश्न : मुलींसाठी असं नाव असतं का?

असतं. ‘अब्द’च्या जागी ‘अमत’ (दासी) येतं : अमतुल्लाह, अमतुर्रहमान. दाऊदी बोहरा समाजात अमतुल्लाह हे नाव चांगलंच रुळलेलं आहे. सूर्याक्षरांचा नियम इथेही तोच.