घाणा उतरतो तेव्हाच खावे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नाताळच्या सुटीत आई-वडिलांना घेऊन दोन दिवस मुंबईला जाणार आहोत. महागड्या हॉटेलांत न जाता जुनी इराणी, उडुपी आणि मराठी उपाहारगृहेच करायची, असे ठरवले आहे. आई पूर्ण शाकाहारी आहे आणि वडिलांना जिने चढवत नाहीत. बेत कसा आखावा? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ठिकाणांच्या आधी वेळा ठरवाव्यात, असे मी सुचवेन. स्वस्त आणि चांगल्या उपाहारगृहाचे सगळे गणित खपावर चालते. पदार्थ मोजके असतात आणि ते आपापल्या वेळेला भराभर उठतात, म्हणून माल शिळा राहत नाही आणि भावही आवाक्यात राहतो. ज्या ठिकाणाचे ज्या पदार्थासाठी नाव आहे तो पदार्थ तिथे त्याच्या वेळेला खाल्ला, तर निराशा सहसा पदरी पडत नाही.

पहिली सकाळ इराण्याला द्यावी. इराणमधील याझ्द आणि केरमान या भागांतून आलेल्या जरथुष्ट्री कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईत ही उपाहारगृहे काढली. त्यांपैकी धोबी तलावची कयानी १९०४ पासून आणि ग्रँट रोड स्थानकाजवळची बी. मेरवान १९१४ पासूनची आहे. मेरवान मावा केकसाठी प्रसिद्ध आहे, पण निघण्याआधी ती सुरू असल्याची खात्री करून घ्यावी आणि केकसाठी लवकर पोहोचावे. मात्र केकमध्ये अंडे असते, हे आईंना आधीच सांगून ठेवावे. त्यांच्यासाठी ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, मागवावा. ब्रूनचे कवच इतके कडक असते की तो नुसता चावण्यात मजा नाही. मस्का लावलेला तुकडा चहात बुडवावा, तो थोडा मऊ पडू द्यावा आणि मग तोंडात टाकावा. आतला भाग चहा पिऊन घेतो, कड मात्र कुरकुरीतच राहते आणि कपातल्या चहावर लोण्याचे बारीक पिवळे डोळे तरंगू लागतात. ब्रून मस्का खावा तो असाच, असे माझे ठाम मत आहे. बॅलार्ड इस्टेटमधील १९२३ ची ब्रिटानिया तिच्या बेरी पुलावासाठी प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी रास्तही आहे, परंतु ती दुपारच्या जेवणाची जागा आहे आणि तिथले बिल आपल्या बेताला जड जाईल.

दुपारी माटुंगा गाठावे. मध्य रेल्वेच्या स्थानकाला लागूनच ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून केळीच्या पानावर जेवण वाढत आले आहे, आणि शाकाहारी माणसासाठी त्या पंगतीइतके समाधानाचे जेवण त्या दरात मुंबईत क्वचितच मिळेल. अडचण एवढीच, की ते पहिल्या मजल्यावर आहे. वडिलांना तेवढाही जिना जड जाणार असेल, तर किंग्ज सर्कलजवळच्या कॅफे मद्रासला जावे. तिथे रसम वडा आणि फिल्टर कॉफी न चुकता घ्यावी. सुटीच्या सकाळी तिथे फुटपाथवर रांग लागते आणि वडिलांना ताटकळत उभे राहावे लागेल, म्हणून ती वेळ टाळावी.

संध्याकाळ दादरची. स्थानकाच्या पश्चिमेला मामा काणे यांचे १९१० मध्ये सुरू झालेले उपाहारगृह आहे. तिथे बटाटेवडा खावा. गोखले रोडवरच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष घ्यावे. हे दोन्ही एकाच संध्याकाळी उरकण्याचा मोह होईल, पण वय झालेल्या माणसांना दोन तळणी एका बैठकीत झेपत नाहीत. दुसरा दिवस त्यासाठी मोकळा आहेच.

प्रश्न : मी पुण्यात शिकते. वसतिगृहात अभ्यासाला जागा नसल्याने मी आणि मैत्रिणी एकेक कॉफी घेऊन उपाहारगृहात दीड-दोन तास बसतो. परवा एका ठिकाणी वेटरने आम्हाला सरळ उठायला सांगितले. हे योग्य आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : त्याने कोणत्या शब्दांत सांगितले ते आपण कळवलेले नाही. उद्धटपणाचे समर्थन मी करणार नाही, पण त्याचे म्हणणे समजून घ्यावे असे मात्र वाटते. इडली-डोशाच्या उपाहारगृहात प्रत्येक बशीमागे सुटणारे पैसे थोडे असतात, आणि एकाच टेबलावर तासाभरात तीन-चार गिऱ्हाइके जेवून उठली तरच भाडे, गॅस आणि पगार निघतात. नव्या धर्तीच्या कॅफेंत कॉफीला दोनशे रुपये पडतात, त्यांत बसण्याचे पैसे आधीच धरलेले असतात. तिथे दोन तास बसायला संकोच नको. स्वस्त कॉफीच्या कपात मात्र ती बैठक बसवता येत नाही.

तरीही विद्यार्थ्यांना सामावून घेण्याची पुण्याची परंपरा मोठी आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या जगन्नाथ शेट्टी यांच्या वैशालीत आणि डेक्कनच्या १९३५ पासूनच्या गुडलकमध्ये कित्येक पिढ्यांच्या गप्पा रंगल्या आहेत, आणि कॉलेजच्या वयात अशी एखादी जागा असणे ही चैन नाही, ती गरज आहे, असे मी मनापासून मानतो. दुपारी तीन ते साडेचारच्या सुमारास जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि संध्याकाळची सुरू व्हायची असते. त्या वेळी जावे, भिंतीकडचे लहान टेबल घ्यावे, मध्ये एखादा पदार्थ मागवावा आणि बाहेर लोक खोळंबलेले दिसताच उठावे. रोज येणाऱ्या मुलींनी एवढे पाळले, तर वेटरच पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी टेबल पुसून ठेवतो.

प्रश्न : ठाण्यातील एका साध्या उपाहारगृहात बिलात सेवाशुल्क आणि जीएसटी दोन्ही लावले होते. ते देणे बंधनकारक आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सेवाशुल्क बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप जोडता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना उचलून धरल्या. शांतपणे ते काढायला सांगावे. न काढल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जीएसटीची गोष्ट वेगळी आहे, कारण साध्या उपाहारगृहांवरचा ५ टक्के कर कायदेशीर आहे. मात्र छोट्या व्यावसायिकाने कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सवलत, घेतली असेल, तर त्याला तो गिऱ्हाइकाकडून वसूल करता येत नाही आणि तसे बिलावर लिहावे लागते. बिलावर ती ओळ आहे का, हे आधी पाहावे.

प्रश्न : मुलांना बाहेरचा वडा-भजी आवडतात, पण टपरीवरच्या तेलाची भीती वाटते. स्वच्छता कशी ओळखावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक लावलेला आहे का, हे पाहावे, पण तेवढ्यावर विसंबू नये. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढत जाणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपलीकडे गेले की ते वापरू नये, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. ते मोजण्याचे यंत्र आपल्याजवळ नसते, डोळे आणि नाक मात्र असतात. कढईच्या कडेला फेस साचून राहत असेल, तेल काळपट आणि दाट झाले असेल, धूर लवकर येत असेल आणि वासाने घशात खवखवत असेल, तर मुलांना तिथून पुढे न्यावे.

त्याहून भरवशाची खूण गर्दीची आहे. जिथे वड्यांचा घाणा उतरला की परात दहा मिनिटांत रिकामी होते, तिथला वडा ताजाच असतो; सकाळी तळून ठेवलेला आणि दुपारी पुन्हा तेलात सोडलेला वडा मात्र कधीही घेऊ नये. घाणा उतरेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी आणि समोर तळलेलाच वडा मागावा. पावसाळ्यात माझी काळजी तेलापेक्षा पातळ हिरव्या चटणीबद्दल आणि कापून ठेवलेल्या कांद्याबद्दल अधिक असते, कारण तळलेल्या पदार्थाला उकळत्या तेलाची आंच लागलेली असते, या दोन्हींना ती लागत नाही. त्या चार महिन्यांत मुलांना वडा लसणाच्या कोरड्या चटणीबरोबर द्यावा आणि पाणी घरूनच न्यावे.