दीड वर्षात तुला तपासलं कोणी?

प्रश्न : ताई, माझं वय ३८, राहणार कराड. दोन मुलं आहेत. गेलं दीड वर्ष खालच्या जागी खाज आणि आग होते. आठ-दहा दिवस बरं वाटतं, की परत सुरू. कधी पांढरं जातं, कधी काहीच नसतं, नुसती आग. रात्री खाजेने झोप मोडते. स्वच्छतेत मी कुठेच कमी पडत नाही. रोज दोनदा गरम पाण्यात अँटिसेप्टिक टाकून आतपर्यंत धुते, वासाचं लिक्विडही वापरते. सासूबाईंनी उष्णता म्हणून सब्जा दिला, धने-जिऱ्याचं पाणी दिलं. मिस्टर फार समजूतदार आहेत. मला लाज वाटते म्हणून तेच ओळखीच्या मेडिकलमधून ट्यूब आणि गोळ्या आणून देतात. जवळ येण्याचीही आता भीती वाटते. माझ्याच शरीरात काही खराबी आहे का? लहान बहीण समजून उत्तर द्या.

उत्तर : बहीण म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते. सब्जा, उष्णता सगळं वाचलं, पण मी थांबले ते मेडिकलच्या वाक्यापाशी. तू ते मिस्टरांच्या कौतुकात सांगून पुढे गेलीस.

तिथे काय होत असेल ते बघ. तू लाजत त्यांना अर्धं सांगतेस. ते दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना आवाज खाली करून त्यातलं निम्मं सांगतात, "मिसेसला खाज येते." आणि तेवढ्यावर काउंटरवरचा माणूस मागे वळून ट्यूब काढून देतो. दीड वर्षात तुझं दुखणं या सगळ्यांनी ऐकलं. तपासलं एकानेही नाही. मिस्टरांचं कौतुक माझ्याकडून होणार नाही. तुझी लाज राखता राखता त्यांनी तुला डॉक्टरांपासून दीड वर्ष लांब ठेवलंय आणि तूही राहिलीस.

आता ती ट्यूब घे आणि खोक्यावरची बारीक अक्षरं वाच. क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन यातलं एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. बुरशीचं, जिवाणूंचं आणि स्टिरॉइड अशी सगळी औषधं एकत्र घातलेल्या ट्यूब आपल्याकडे चिठ्ठीशिवाय सर्रास हातात पडतात. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत दबते, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. पण खाली बुरशी असेल तर ती वाढतच राहते, नाजूक कातडी पातळ होते आणि ट्यूब थांबवली की आग उसळून येते. तुझं "आठ-दहा दिवस बरं, की परत" हे त्यात चपखल बसतं. तसंच असेल, असं मात्र मी इथे बसून सांगणार नाही.

कारण खाज हे नुसतं लक्षण आहे. बुरशी, म्हणजे कॅन्डिडा असेल तर दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट पांढरं जातं, वास बहुधा नसतो. जिवाणूंचा समतोल बिघडला असेल तर पातळ, करडं जातं आणि माशासारखा वास येतो, संबंधांनंतर जास्तच. ट्रायकोमोनास नावाचा जंतू संबंधांतून लागतो. त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर एकमेकांना देत राहता. सुगंधी पॅडची, लिक्विडची ॲलर्जी असते, तिला जंतूच लागत नाही. आणि लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा एक आजार आहे. त्यात बाहेरच्या भागावर पांढुरके चट्टे येतात आणि रात्री खाजेने झोप मोडते. गंमत नाही सांगत, या आजारावर डॉक्टर स्वतःच स्टिरॉइडचं मलम देतात, पण बघून, कुठे किती लावायचं ते सांगून आणि पुढेही तपासत राहून. एकीला बरी करणारी ट्यूब दुसरीचं दुखणं वाढवते, ती अशी. काउंटरवरून हे कोणाला कळणार?

स्वच्छतेत कुठेच कमी पडत नाही, असं तू लिहिलंस. तू जे करतेस त्याला मी स्वच्छता म्हणणार नाही. योनीमार्ग आतून स्वतःला सांभाळतो. तिथले लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जिवाणू आम्ल तयार करतात, पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण ३.८ ते ४.५ ठेवतात आणि त्यामुळे वाईट जंतूंना थारा मिळत नाही. तू रोज दोनदा अँटिसेप्टिकने तेच जिवाणू मारतेस, वर कातडीही भाजून घेतेस. आजपासून ते बंद. लिक्विडही बंद. साधं कोमट पाणी, तेही फक्त बाहेरून.

आणि येत्या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. लेडी डॉक्टरच हवी असेल तर नंबर लावतानाच तसं सांग. पैशांची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक कुठे आहे ते विचार, तिथे याच तक्रारींवर मोफत उपचार होतात. पाळीचे दिवस टाळ. आधीचे दोन-तीन दिवस आत गोळी, क्रीम काही नको, संबंधही नकोत, नाहीतर तपासणीत खरं चित्र दिसत नाही. आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूब, गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घालून ने.

आत गेल्यावर लाजेने शब्द फुटले नाहीत तर एवढंच म्हण, "दीड वर्ष त्रास आहे, मला तपासून मगच औषध द्या." टेबलावर झोपवतील, आधी बाहेरची कातडी बघतील. मग स्पेक्युलम नावाचं छोटं उपकरण घालून आत बघतील, काडीला लावलेल्या कापसावर थोडा स्राव घेतील. अंग सैल सोड, तोंडाने श्वास घे. अवघडल्यासारखं होईल, दुखलं तर लगेच सांग, डॉक्टर थांबतील. सगळं काही मिनिटांत होतं.

तो स्राव सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांग आणि त्रास वारंवार होतो म्हणून कल्चरही कर, म्हणजे स्रावातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून तो नेमका कोणता ते बघतात. कॅन्डिडाच्या काही जाती फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या नेहमीच्या गोळीला दाद देत नाहीत. खरंच वर्षात तीन किंवा जास्त वेळा बुरशी होत असेल तर एका गोळीने भागत नाही, आठवड्याला एक अशी सहा महिने गोळी घ्यावी लागते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. शुगर तपासून घे, एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणाऱ्या तपासणीसकट. पुन्हा पुन्हा होणारी बुरशी कधीकधी मधुमेहाची पहिली खूण असते.

मिस्टरांना सोबत ने. बरं वाटेपर्यंत जवळ यायचं नाही, हे त्यांना सरळ सांग, त्यात भिण्यासारखं काही नाही. तुझ्या शरीरात खराबी आहे हे मनातून काढ गं. दीड वर्ष रात्रीची झोप मोडून दोन मुलांचे डबे भरलेस तू, आणि वर दोषही स्वतःलाच देतेस, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

पाळीची तारीख बघ, त्याप्रमाणे दिवस ठरव आणि उद्या सकाळी दवाखान्यात फोन कर. फोन मिस्टरांना करायला लावू नकोस. तूच कर.