बागेतला काटा आणि टायरमधलं लिक्विड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : डाळिंबाच्या बागेत फवारणीचा ब्लोअर घेऊन छोटा ट्रॅक्टर फिरतो. छाटणी झाली की पुढचं चाक सारखं बसतं. अँटी-पंक्चर लिक्विड टाकून फरक पडेल का? (एक बागायतदार, सांगोला)

पडेल. काट्याचं बारीक भोक, टायरचा जमिनीला टेकणारा भाग आणि कमी वेग या तिन्ही गोष्टी तुमच्याकडे आहेत. लिक्विड अशाच कामासाठी असतं.

त्यात ग्लायकॉल, पाणी, बारीक तंतू आणि बहुधा रबराचा चुरा असतो. चाक फिरलं की त्याचा आतून लेप बसतो. काटा घुसला किंवा निघाला की हवा भोकाकडे धावते आणि तंतूंनाही ओढून नेते. फुटलेल्या पाटाच्या तोंडाशी पाचट अडकावं तसे ते तिथे अडकतात. बाहेरून एक ओला ठिपका आणि दोन-चार बुडबुडे दिसतात, मग हवा थांबते. मात्र त्यासाठी चाक फिरायला हवं. काटा उपटून ट्रॅक्टर तसाच उभा ठेवलात तर भोक वरच्या बाजूला राहील आणि लिक्विड खाली साचलेलं असेल. म्हणून काटा काढला की लगेच चार फेऱ्या मारा.

आता खरी अडचण. डाळिंबाचा काय किंवा बाभळीचा काय, काटा पुष्कळदा मोडतो आणि त्याचं टोक टायरातच राहतं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ते थोडं आत सरकतं. ट्यूब टायरात किंचित हलत असते, त्यामुळे एकच टोक तिला दोन-तीन ठिकाणी टोचतं. ठिगळ लावूनही चार दिवसांत चाक पुन्हा बसतं, ते यामुळेच. लिक्विड टाकण्याआधी टायर एकदा उतरवून घ्या. आतून जुनं सुती फडकं फिरवा, हात नको. फडकं जिथे अडकेल तिथे काटा आहे. तो पकडीने ओढून काढा. या कामाला तासभर लागेल, पण ते टाळून नुसतं लिक्विड ओतणं मला मान्य नाही. आणि छाटलेल्या फांद्या ओळीतून उचलल्याशिवाय ब्लोअर आत घालू नका.

प्रश्न : आमच्या ट्रॅक्टरला ट्यूबचे टायर आहेत. पंक्चरवाला म्हणतो, लिक्विड टाकलं तर ठिगळ चिकटणार नाही.

त्याचं म्हणणं बरोबर आहे. ग्लायकॉल लवकर वाळत नाही, आणि ओल्या रबरावर सोल्युशन धरत नाही. ट्यूब पूर्ण रिकामी करायची, जागा साबणाच्या पाण्याने धुवायची, कोरडी करायची, मग घासून ठिगळ लावायचं. यात त्याची मेहनत वाढते. तेव्हा लिक्विड आहे हे त्याला आधीच सांगा आणि दोन पैसे जास्त द्या.

दुसरी बाजूही ऐका. ट्यूबचं रबर पातळ आणि ताणलेलं असतं. काट्याचं भोक लिक्विड बुजवतं, पण खिळा हलत राहिला की ट्यूब फाटत जाते आणि तिथे तंतू टिकत नाहीत. ट्यूबलेस टायरच्या जाड रबरात तंतूंचं बूच घट्ट बसतं. म्हणून ट्यूब असेल तर काट्यापुरताच भरवसा ठेवा.

प्रश्न : मागच्या टायरमध्ये पकडीसाठी पाणी भरलंय. त्यातच लिक्विड टाकू का?

नको. असा टायर साधारण 75 टक्के पाण्याने भरलेला असतो. लिक्विड त्यात पातळ होतं आणि लेप बसत नाही. पाणी किंवा लिक्विड, यातलं एकच ठेवा. पाणी काढायचं ठरलं तर वजनासाठी चाकाला लोखंडी वजनं लावता येतात. मी तुमच्या जागी असतो तर मागे पाणी तसंच ठेवून फक्त पुढच्या चाकांत लिक्विड टाकलं असतं.

प्रश्न : घरच्या घरी भरता येईल का? किती लागतं?

येईल. चाक जॅकवर घ्या आणि वॉल्व्ह खाली राहणार नाही असं फिरवा. वॉल्व्हमधली पिन हळूहळू सैल करून हवा सोडा, मग पिन काढा. डबा जोरात हलवा, कारण तंतू तळाशी बसलेले असतात. लिक्विड वॉल्व्हमधून ओतून झालं की त्यातून थोडी हवा मारून तो मोकळा करा, पिन लावा, हवा भरा आणि लगेच तीन-चार किलोमीटर चालवा.

टायरच्या बाजूवर 6.00-16 किंवा 13.6-28 असा आकार छापलेला असतो. तो पाहून डब्यावरच्या तक्त्याप्रमाणे माप घ्या. काटकसर करून निम्मं टाकलं तर टायरच्या कडांपर्यंत लेप पोहोचत नाही आणि सगळाच खर्च वाया जातो. पुढे हवा तपासताना वॉल्व्ह वर घ्या, नाहीतर गेजमध्ये लिक्विड शिरतं.

प्रश्न : उसाच्या ट्रॉलीच्या टायरला बाजूने चीर गेली आहे. लिक्विडने भागेल?

नाही. टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते आणि उघडते, तिथे बूच टिकत नाही. भरलेल्या ट्रॉलीखाली असा टायर कधीही फुटू शकतो. तो बदला. चाकाला टायर अडवून धरणारी सुटी लोखंडी रिंग असेल तर आधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, मगच रिंगला हात लावा. हवा भरताना रिंगसमोर कोणी उभं राहू नये. ती उडाली तर माणूस जागीच दगावतो.

प्रश्न : सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर फोर-बाय-फोर नेतो. लिक्विड टाकून ठेवू का?

त्याच गाडीने हायवेवर जात असाल तर विचार करा. उभ्या गाडीत लिक्विड खाली साचतं आणि वेग घेतला की स्टिअरिंग थरथरू शकतं. टायरमध्ये हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर तो बुजू शकतो. शिवाय डोंगरातल्या काळ्या दगडाची धार टायरची बाजू कापते, तिथे लिक्विड निरुपयोगी. पंक्चरचं किट, छोटा कॉम्प्रेसर आणि चांगली स्टेपनी जवळ ठेवा.

प्रश्न : उरलेलं लिक्विड बादलीत होतं, कुत्र्याने चाटलं. काही धोका?

डब्यावर इथिलीन ग्लायकॉल लिहिलं असेल तर हे विष आहे. चवीला गोड, म्हणून जनावरं चाटतात. काही तासांत मूत्रपिंडांवर परिणाम सुरू होतो. कुत्रं वरून ठीक दिसत असलं तरी थांबू नका. डबा सोबत घेऊन ताबडतोब पशुवैद्यांकडे जा. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं लिक्विड बरंच कमी विषारी असतं, घेताना तेच मागा. सांडलेल्यावर कोरडी माती टाका, ती उचला आणि गोठा, विहीर, पाट यांपासून दूर खड्ड्यात पुरा. ती बादली पुन्हा पाण्यासाठी वापरू नका.