दोन सूर्यांचा ग्रह ओळखायचा कसा?

प्रश्न : सर, ताऱ्यासमोरून ग्रह गेला की प्रकाश किंचित उतरतो आणि त्यावरून ग्रह सापडतो, हे समजलं. पण दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील तर तेच एकमेकांना झाकणार. मग या गोंधळातून ग्रह वेगळा कसा काढतात?
– अकरावीची विद्यार्थिनी, वाई

उत्तर : तू ज्याला गोंधळ म्हणतेस, त्यातच ग्रहाची खरी खूण असते.

आधी तारे एकमेकांना कसे झाकतात ते डोळ्यांनी बघ. मुलांना घेऊन यवतेश्वरच्या पुढे कासच्या रस्त्याला गेलो, साताऱ्याचा उजेड मागे पडला, की मी ययाती तारकासमूहातली मायावती, म्हणजे अल्गॉल ही ताऱ्यांची जोडी, दाखवतोच. डिसेंबरात रात्री नऊ-दहाला ययाती तारकासमूह उत्तरेला चांगला वर आलेला असतो. तुला वाईत गच्चीवरूनही दिसेल. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मायावतीचा मंद जोडीदार तिच्यासमोर येतो आणि प्रकाश जवळजवळ एक तृतीयांशावर उतरतो. एरवी ती देवयानीतल्या अलमाकइतकी तेजस्वी असते, पण ग्रहण ऐन भरात असताना दोघांकडे आळीपाळीने बघ, फरक लपत नाही. दुर्बीण लागत नाही.

आता हंस तारकासमूहातली केप्लर-16 ही ताऱ्यांची जोडी घे. तिथले दोन तारे 41 दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. लहान तारा मोठ्यासमोर आला की प्रकाश सुमारे 13 टक्के कमी होतो, मोठ्यामागे गेला की 1.6 टक्के. या दोन ग्रहणांखेरीज प्रकाशाच्या आलेखात आणखी एक खळगा, म्हणजे प्रकाशातली उतरण, होता, 1.7 टक्क्यांचा. म्हणजे खोलीवरून काही कळायची सोय नाही! सांगितलं ते वेळेने. तो 41 दिवसांच्या हिशेबात बसत नव्हता, आणि त्याचं स्वतःचं अंतरही एकसारखं नव्हतं: एकदा 230.3 दिवस, पुढच्या वेळी 221.5.

का? एसटी ठरल्या वेळेला निघते, पण थांबाच पुढेमागे सरकत असेल तर ती कधी लवकर येईल, कधी उशिरा. ग्रह 229 दिवसांत फेरी पुरी करतो, पण ज्या ताऱ्यासमोरून जायचं तो तारा स्वतःच्या कक्षेत दर वेळी वेगळ्या जागी असतो. ताऱ्यांच्या जागा ग्रहणांवरून माहीत असतात, त्यामुळे ही उलटसुलट वेळ गणिताने तंतोतंत जुळवता येते. मला हा पुरावा एकट्या ताऱ्याच्या ग्रहापेक्षा भक्कम वाटतो. तिथे मागचं एखादं दूरचं तारकायुग्मही नियमित खळगे दाखवून फसवू शकतं. पण या दोन ताऱ्यांच्या हालचालींशी जुळवून घेऊन मागेपुढे होणं त्याला कसं जमणार? शिवाय ग्रहाच्या ओढीने ताऱ्यांच्या ग्रहणांच्या वेळाही किंचित सरकतात, त्यावरून ग्रहाचं वस्तुमान निघतं: गुरूच्या सुमारे एक तृतीयांश. ही घोषणा सप्टेंबर 2011 मधली.

नेमक्या याच अनियमितपणामुळे ठरावीक अंतराने येणारे खळगे शोधणारे संगणक इथे चुकतात. ताऱ्यांचा प्रकाश मोजून ग्रह शोधणाऱ्या टेस उपग्रहाच्या नोंदी चाळताना 2019 मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात उमेदवारीला आलेल्या वुल्फ कुकियर या शाळकरी मुलाला टीओआय-1338 या ताऱ्यांच्या जोडीच्या आलेखात एक खळगा दिसला. आधी त्याला तो ताऱ्यांच्या ग्रहणाचा वाटला, पण वेळ जुळेना. तो ग्रह निघाला, पृथ्वीच्या 6.9 पट मोठा. मुलगा तेव्हा 17 वर्षांचा होता, तुझ्याच वयाचा.

एक अडचण मात्र खरी आहे. या ग्रहांच्या कक्षा डोलतात. केप्लर-16 चा ग्रह 2018 पासून आपल्याकडून पाहता ताऱ्यासमोर येतच नाही, गणिताप्रमाणे परतेल 2042 च्या सुमारास. मधल्या काळात 2022 मध्ये फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतल्या 1.93 मीटरच्या दुर्बिणीने ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषांचं सरकणं, म्हणजे ग्रहाच्या ओढीने ताऱ्याचं हलणं, मोजून तोच ग्रह पुन्हा पकडला. वृषपर्वा तारकासमूहातल्या गॅमा सेफी या जोडताऱ्यातला, जोडीतल्या एकाच ताऱ्याभोवती फिरणारा ग्रहही याच पद्धतीने सापडला. संशय 1988 चा, खात्री 2003 ची.

टेसच्या नोंदी सर्वांना मोफत पाहता येतात. सुरुवात मात्र मायावतीपासून कर. दर अर्ध्या तासाला अलमाकशी तुलना करून वहीत लिही, आणि ग्रहणाचा मध्य कधी आला ते आलेखावरून काढून मला कळव.