गोळी घेतली म्हणून दूध मोरीत ओतायचं का?

बाळ अडीच महिन्यांचं, पूर्ण दिवसांचं, वजन 5 किलो. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी आईला रोज सर्ट्रालीन 50 मिलिग्रॅम चालू. गोळीनंतर सहा तासांचं दूध ती पिळून मोरीत ओतायची आणि बाळाला पावडरचं पाजायची. दूध आटत चाललं, तेव्हा गोळीच दिवसाआड घ्यायला लागली. सासूबाईंचं म्हणणं एकच, "औषध बाळाच्या पोटात जातं." जातं हे खरंच. किती जातं, ते कागदावर मांडलं.

आईचं वजन 60 किलो, म्हणजे तिला दर किलोमागे साधारण 833 मायक्रोग्रॅम मिळतं. दुधात लिटरला 50 मायक्रोग्रॅम धरू. फक्त अंगावर पिणारं बाळ किलोमागे दिवसाला 150 मिली पितं, म्हणजे किलोमागे 7.5 मायक्रोग्रॅम. आईच्या मात्रेच्या तुलनेत हे 1 टक्क्याहूनही कमी. 10 टक्क्यांच्या आतलं औषध पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला सहसा चालतं. अर्थात औषध मुळातच विषारी असेल तर हा नियम लावायचा नाही. कर्करोगाची औषधं आणि किरणोत्सारी आयोडीन वेगळ्या रांगेत.

असा आकडा एका नमुन्यावरून काढत नाहीत. दोन मात्रांच्या मधल्या काळात दूध अनेकदा घेऊन सरासरी काढतात; गोळीनंतर लगेचचं एकच दूध तपासलं तर अंदाज फसतो. सर्ट्रालीन कमी उतरतं, कारण त्याचा बहुतेक भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. सुटं असेल तेवढंच दुधात येतं.

ओतून काय साधतं? जवळपास काहीच नाही. रक्तातलं औषध उतरलं की दुधातलंही आपोआप परत रक्तात जातं. सर्ट्रालीन निम्मं व्हायलाच एक दिवसाहून जास्त लागतो, मग सहा तासांत काय होणार? गोळी दिवसाआड करण्यात मात्र खरा धोका: चक्कर, चिडचिड, नैराश्य उलटणं.

तिला सांगितलं ते असं: गोळी रोज ठरल्या वेळी घ्या, बाळ मागेल तेव्हा पाजा, दूध वाढेल तसं पावडरचं कमी करा. बाळ फार झोपाळू झालं, नीट ओढेना किंवा वजन वाढेना, तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे. बाळ अपुऱ्या दिवसांचं असतं, तर आधी त्यांनाच विचारलं असतं.

कोडीन आणि ट्रामाडॉल ही वेदनाशामकं मात्र टाळाच: काही आयांच्या शरीरात त्यांचं तीव्र रूप झपाट्याने बनतं आणि बाळाचा श्वास मंदावतो. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रीन आहे का, तेही बघा. त्याने बाळाला फारसं काही होत नाही, पण दूध कमी होतं, आणि हिचं आधीच आटलेलं.