त्रेपन्न वजा सत्तावीस

दांडिया बाजार, वडोदरा

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

जिल्ह्यातल्या मुलांना किती येतं त्या पाहणीसाठी तू काढलेले तिसरीच्या गणिताचे प्रश्न वाचले. सुबक आहेत. पण त्यांतून काय समजून घ्यायचंय, हे ठरवलेलं दिसत नाही.

चौथा प्रश्न बघ: ५२ − २७. पर्यायांत ३५ आहे. तो कोण निवडेल? एक पोर मोठ्यातून लहान, म्हणजे सातातून दोन काढतं. दुसरं हातचा घेतं, पण दशकातला एक कमी करायला विसरतं. दोघंही ३५ वरच येतात! पहिल्याला हातचा मुळापासून शिकवायला हवा, दुसऱ्याची फक्त शेवटची पायरी राहिली आहे. तुझ्या तक्त्यात मात्र दोघं एक. आता ५३ − २७ घे. पहिला ३४ म्हणेल, दुसरा ३६. असे पर्याय टेबलाशी बसून सुचत नाहीत, वह्यांतून वेचावे लागतात. आणि गुजराती शाळेतली आपली पोरं 'वजाबाकी'ला 'बादबाकी' म्हणतात, तेव्हा शब्दाने अडलं की गणिताने, हेही तपास.

पाहणीत प्रत्येक मुलाला सगळे प्रश्न देत नाहीत. पुस्तिका वेगवेगळ्या असतात, काही प्रश्न तेवढे सामाईक. त्यांच्यामुळेच पुस्तिका एका मापात बसतात. त्यातून जिल्ह्याचं चित्र चांगलं मिळतं, एकट्या मुलाचं नाही. म्हणून उद्या कुणी साहेब 'प्रत्येकाचं प्रगतिपत्रकही काढा' म्हणाले, तर नाही म्हण. मुलं चिठ्ठ्या टाकूनच निवड. मी शिकवत होतो तिथे एकदा तपासणीच्या दिवशी कच्च्या पोरांना 'घरीच थांबा' सांगितलं होतं. मी गप्प बसलो, अजून खुपतं.

तुलनेचंही सांभाळ. १२ नोव्हेंबर २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात तिसरी, पाचवी, आठवी, दहावी होती. त्याच्याच जागी आलेल्या ४ डिसेंबर २०२४ च्या परख सर्वेक्षणात तिसरी, सहावी, नववी. तिसरीशी तिसरी ताडून बघता येईल, तीही प्रश्न आणि मोजपट्टी जुळते का ते बघून. पाचवीशेजारी सहावी मांडून 'घसरण' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नकोस.

रविवारी ये. माळ्यावरून जुन्या वह्यांचा गठ्ठा काढून ठेवतो. सेव-उसळ तुझ्याकडून.

तुझा काका