बाळ जानेवारीत, घराचं काम आत्ता: पर्सनल लोन घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा: नेरूळला सिडकोच्या जुन्या इमारतीत स्वतःचा टू बीएचके. पहिलं बाळ जानेवारीच्या मध्यावर. दोघांचा हातात येणारा पगार 78,000 आणि 52,000. गृहकर्जाचा हप्ता 31,000, घरखर्च 45,000, एसआयपी 15,000, मित्रांबरोबरच्या सहली आणि शनिवारची जेवणं 14,000. एफडी साडेसहा लाख, इक्विटी फंडात चार लाख. रिनोव्हेशनचं कोटेशन साडेनऊ लाखांचं. त्यातले चार लाख एफडीतून आणि साडेपाच लाख 13 टक्क्यांच्या पर्सनल लोनमधून घालून दिवाळीआधी सगळं उरकायचं, असा विचार आहे.

कर्ज घेऊ नका. तीन वर्षांच्या मुदतीला हप्ता सुमारे 18,500 येतो आणि एकूण व्याज 1.17 लाख. आज महिन्याला 25,000 उरतात, म्हणून हा हप्ता झेपेलसा वाटतो. कायद्यानुसार आईला 26 आठवडे पगारी रजा आहे, त्या काळातही तो निघेल. ओढाताण होईल ती पुढच्या जुलै-ऑगस्टात, रजा संपल्यावर. पहिल्या बाळाच्या वेळी आई आणखी दोन-तीन महिने बिनपगारी थांबते हे फार घरांत होतं. तेव्हा 78,000 मधून 31,000, 45,000 आणि 18,500 गेले की महिन्याला 16,500 कमी पडतात. त्यात बाळाचा रुपयाही धरलेला नाही. एसआयपी आणि मित्रही नाहीत.

आता काम. सगळ्यात आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा: रीडेव्हलपमेंटचा (इमारत पाडून नवी बांधण्याचा) विषय सभेत आला आहे का? स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, काय म्हणते? वाशी-नेरूळच्या जुन्या इमारतींत हा प्रश्न टाळून चालत नाही. चार-पाच वर्षांत इमारत पाडायची असेल, तर 3.2 लाखांचं मॉड्युलर किचन आणि 90 हजारांचं फॉल्स सीलिंग मलब्यात जाणार. किचन, सीलिंग आणि एक लाखाचा वॉर्डरोब ही तिन्ही कामं तशीही आत्ता थांबवा. बाळाला पहिलं वर्ष-दीड वर्ष यातलं काहीच लागत नाही.

करायचंच ते दोन्ही बाथरूम (2.4 लाख) आणि वायरिंग (1.1 लाख). खालच्या घराच्या छताला ओल आहे असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणजे ते पुढे ढकलण्यासारखं नाही. लाद्या उखडल्या की जुने जीआय (लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) टाकून घ्या. वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर किमान फूटभर चढवा आणि लादी बसवण्याआधी 48 तास पाणी भरून ठेवा. खालच्यांना छत दाखवायला सांगा. कंत्राटदार घाईत हीच चाचणी गाळतात, मग सहा महिन्यांनी नवी लादी पुन्हा फोडावी लागते. वायरिंगमध्ये दिव्यांना 1.5, पॉवर पॉइंटला 2.5, गीझर आणि एसीला 4 चौ. मिमी तांब्याची वायर, अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) लिहून घ्या. रांगतं बाळ असलेल्या घरात आरसीसीबीवर काटकसर नको.

साडेतीन लाखांवर 15 टक्के जादा धरा, म्हणजे चार लाख. ते एफडीतून. पैसे टप्प्याटप्प्याने द्या: 20 टक्के आगाऊ, 10 टक्के काम संपल्यावर महिनाभर राखून. गणपतीत कोकणातले आणि दिवाळी-छठला उत्तरेकडचे कारागीर गावी जातात. निम्मे पैसे आधीच दिलेत तर काम तिथेच लोंबतं. रंग (90 हजार) पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरात, महिन्याच्या शिलकीतून. दमट हवेत पुट्टी वाळत नाही आणि पापुद्रे सुटतात. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून तोडफोड आणि खरवडणं चालू असताना वहिनींनी माहेरी राहावं. नोव्हेंबरच्या मध्याला हात थांबवा, घराला महिनाभर हवा लागू द्या.

मित्रांचे 14,000 शून्यावर आणू नका, 6,000 ठेवा. कर्जतचं फार्महाउस सोडा, शनिवार आळीपाळीने एकमेकांच्या घरी करा. बाळंतपणानंतर आईला चार भिंतींत कोंडल्यासारखं होतं, तेव्हा हीच माणसं डबा घेऊन येतात. हा खर्च मला चैनीचा वाटत नाही.

अशाने महिन्याला 33,000 उरतील. सप्टेंबर ते जानेवारी 1.65 लाख, त्यातून रंग वजा केला की 75 हजार. एफडीतले उरलेले अडीच लाख मिळून सव्वातीन लाख हाताशी राहतात. तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बाळंतपणाला 60,000 ची मर्यादा आहे, म्हणून त्यावरच्या खर्चासाठी एक लाख वेगळे काढा. नवी मॅटर्निटी पॉलिसी आत्ता घेऊन या बाळंतपणाला उपयोग नाही, प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यावर खर्च मिळू लागेपर्यंतची मुदत) आडवा येतो. फंडाला हात लावू नका. बिनपगारी महिने आले तर एसआयपी तेवढ्यापुरती थांबवा: बाळाचे दहा हजार धरूनही तूट महिन्याला 14,000 ची, ती शिलकीतून निघेल. मूलभूत लसी महापालिकेच्या केंद्रात मोफत मिळतात.

या आठवड्यात एचआरला दोन गोष्टी लेखी विचारा: बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, आणि जन्मानंतर किती दिवसांत नाव नोंदवायचं. बाळाला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागलं तर बिल झपाट्याने चढतं, आणि नोंदणीची मुदत हुकली तर ते सगळं तुमच्या खिशातून जातं.